चालचक्र

ॲनिमेशनमध्ये एखाद्या पात्राच्या दोन पावलांची चित्रे अशा रीतीने रेखाटली जातात, की शेवटच्या चित्रानंतर पुन्हा पहिले चित्र दाखविले असता चालण्याची क्रिया अखंड सुरू असल्याचा भास होतो. या चित्रमालिकेस चालचक्र असे म्हणता येईल. व्यवसायात मात्र ‘वॉक सायकल’ हा इंग्रजी शब्दच रूढ आहे. उसळत्या चेंडूसारख्या प्राथमिक पाठांनंतर विद्यार्थ्यांना हा अभ्यास दिला जातो आणि तो अनेकांना जेरीस आणतो. अजगर कसा सरपटतो हे प्रेक्षकाने क्वचितच पाहिलेले असते. माणूस कसा चालतो हे मात्र तो जन्मभर पाहत आलेला असतो. त्यामुळे चूक नेमकी कोठे आहे हे त्याला सांगता आले नाही, तरी काहीतरी चुकले आहे हे तत्काळ जाणवते.

चालण्याची क्रिया

चालणे म्हणजे एका अर्थी सतत सावरलेले पडणे होय. शरीराचा भार पुढे कलतो, तोल जाऊ लागतो आणि पुढे टाकलेले पाऊल तो सावरते. लगेच पुढच्या पडण्याला सुरुवात होते. चालताना निदान एक पाय नेहमी जमिनीवर असतो. दोन्ही पाय एकाच वेळी अधांतरी जाऊ लागले की ते धावणे होय. सामान्य चालीत प्रत्येक पाय चक्राच्या सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर व सुमारे ४० टक्के काळ हवेत असतो. म्हणजेच काही क्षण दोन्ही पाय टेकलेले असतात. नवशिक्याच्या चित्रांत बहुधा नेमका हाच काळ गळतो आणि पात्र तरंगल्यासारखे दिसते.

चार मुख्य स्थिती

एका पावलाच्या चार मुख्य स्थिती मानतात. पहिल्या, म्हणजे स्पर्शाच्या स्थितीत पुढच्या पायाची टाच जमिनीला लागते व दोन्ही पायांतील अंतर सर्वाधिक असते. लगोलग पुढच्या पायावर भार येतो, गुडघा वाकतो आणि शरीर सर्वांत खाली जाते. नंतर मागचा पाय उभ्या पायाजवळून पुढे सरकतो. शेवटी उभ्या पायाचा चवडा शरीराला वर ढकलतो. इंग्रजी परिभाषेत यांना अनुक्रमे कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग आणि अप असे म्हणतात. प्रत्यक्षात शरीराची सर्वाधिक उंची पाय ओलांडून जाण्याच्या सुमारास असते. ॲनिमेटर ती किंचित उशिरा दाखवितात, त्यामुळे पाऊल जोमदार वाटते.

हात पायांच्या उलट दिशेने हलतात. खांद्यांची रेषा आणि कमरेची रेषा यांचे वळणही परस्परविरुद्ध असते. समोरून पाहिल्यास कंबर प्रत्येक पावलागणिक भार पेलणाऱ्या पायाकडे सरकते. केवळ बाजूने चित्रे काढणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते.

वेळेचे गणित

चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. १२ चौकटींचे एक पाऊल धरल्यास सेकंदाला दोन पावले पडतात. ही नेहमीची चाल होय. स्पर्श १ल्या चौकटीवर घेतल्यास पुढील स्थिती ४थ्या, ७व्या व १०व्या चौकटीवर येतात आणि १३व्या चौकटीवर दुसऱ्या पायाचा स्पर्श होतो. २५वे चित्र म्हणजे पुन्हा पहिलेच चित्र असल्याने ते वेगळे काढावयाचे नसते. काढलेच, तर प्रत्येक फेरीत चाल क्षणभर अडखळते. १६ चौकटींचे पाऊल रमतगमत चालल्यासारखे दिसते. मात्र त्याचे समान भाग सहज पडत असल्याने शिकणाऱ्यास ते सोयीचे जाते.

पात्र जागच्या जागी चालवून पार्श्वभूमी मागे सरकविण्याची पद्धत जुनी आहे. येथे टेकलेले पाऊल प्रत्येक चौकटीत पार्श्वभूमीइतकेच मागे गेले पाहिजे. कागदावर पावलाची लांबी ६० मिलिमीटर आणि कालावधी १२ चौकटी असेल, तर प्रत्येक चौकटीत दोहोंचे सरकणे ५ मिलिमीटर हवे. यात चूक झाली की पाय शेवाळावरून घसरल्यासारखा दिसतो. प्रत्येक चित्र दोन चौकटी दाखवून पार्श्वभूमी मात्र दर चौकटीला हलविली, तरीही हाच दोष उद्भवतो.

चाल आणि स्वभाव

निर्दोष गणिताने चाल बरोबर येते, जिवंत होतेच असे नाही. या बाबतीत मराठी भाषा हीच एक उत्तम कार्यपुस्तिका ठरावी. तुरुतुरु, तरातरा, दुडुदुडु, लगबगीने, रेंगाळत, खुरडत, डुलत, ऐटीत, दबक्या पावलांनी, झोकांड्या खात: यांतील प्रत्येक शब्दामागे पावलाची लांबी, वेग, भार आणि मनःस्थिती यांचा वेगळा मेळ आहे. तुरुतुरु चालीत पावले आखूड व जलद असतात आणि धड फारसे खालीवर होत नाही. दुडुदुडु चालणाऱ्या बालकाचे पाय फाकलेले, हात वर आणि तोल सदैव डळमळीत असतो. डोक्यावर घागर घेतलेल्या स्त्रीची कंबर हलते, पण डोके जवळजवळ स्थिर राहते. रस्त्यावरील माणसांचे निरीक्षण करून वहीत चटकन रेखाटने करण्याला म्हणूनच पर्याय नाही. कॅनडाचे ॲनिमेटर रायन लार्किन यांचा ‘वॉकिंग’ (१९६८) हा लघुपट अशाच निरीक्षणावर उभा आहे. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते.

पूर्वपीठिका

एडवर्ड मायब्रिज यांनी माणसांच्या व प्राण्यांच्या हालचालींची क्रमवार छायाचित्रे घेतली. ‘ॲनिमल लोकोमोशन’ या त्यांच्या १८८७ सालच्या संग्रहात ७८१ चित्रपट्ट आहेत आणि ॲनिमेटर आजही ते चाळतात. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी काळ्या पोशाखावर पांढऱ्या रेषा लावलेल्या माणसाची चाल एकाच पट्टिकेवर टिपली. रिचर्ड विल्यम्स यांच्या ‘द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ (२००१) या ग्रंथाचा मोठा भाग केवळ चालण्यालाच वाहिलेला आहे.

संगणकावरील चाल

संगणकात मधली चित्रे यंत्रच भरून काढते. पण ती कशी भरावीत हे सांगावे लागते. तसे न केल्यास हालचाल सारख्याच वेगाची व निर्जीव होते. पाय एका चौकटीत एकदम सरळ झाला तर गुडघा झटका बसल्यासारखा दिसतो. डाव्या पावलाची हुबेहूब उजवीकडे नक्कल केली, तर पात्र कवायत करीत असल्यासारखे वाटते. तयार चालचक्रे विकतही मिळतात, मात्र ती कोणा एका पात्राची नसतात.

भारतातील शिक्षण

मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ च्या सुमारास डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना प्रशिक्षण दिले. पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरलेले राम मोहन यांची सुरुवात याच विभागात झाली. ‘द बनियन डिअर’ (१९५७) हा तेथील आरंभीचा चित्रपट जातककथेवर आधारलेला असून त्यातील पात्रे मुख्यतः हरणे आहेत. चतुष्पादांची चाल शिकविताना दोन माणसे एकामागून एक चालत आहेत अशी कल्पना करावयास सांगतात. मागच्याची पावले पुढच्यापेक्षा थोडी चुकलेली असतात.