वयस्क मोटारीचीं दुखणीं व त्यांचा खर्च

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारांत ताडपत्रीखालीं झांकून ठेवलेली पद्मिनी मोटार आजहि क्वचित् दृष्टीस पडते. वडिलांनीं नंबर लावून, दीर्घकाळ वाट पाहून ती घेतलेली असते. मुलांचीं लग्नें, आजोळच्या फेऱ्या, रात्रीं-अपरात्रीं इस्पितळाची धांव हें सर्व तिनें पाहिलेलें असतें. पुढें एके दिवशीं घरांत प्रश्न निघतो, कीं ही ठेवावी कीं मोडींत काढावी? केवळ जिव्हाळ्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. गाडीचें दुखणें कोणतें, त्याचें मूळ कोठें आणि त्याला पैसा किती टप्प्यांनीं लागतो, हें कळल्यावरच निर्णय शहाणपणाचा होतो.

ही मोटार उपनगरांना परकी नव्हे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि घाटकोपरच्या शेजारीं कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फिआट कंपनीच्या सहकार्यानें तेथें ११०० जातीच्या मोटारी तयार होऊं लागल्या. त्यांतीलच एकीस १९७४ पासून ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. शतकाच्या अखेरीस तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीहि रस्त्यावरून गेली. उरल्या त्या खाजगी गाड्या.

ह्या गाडीचा पहिला शत्रु गंज. पूर्वींच्या पुष्कळ मोटारींत लोखंडी चौकटीवर वेगळी पेटी बसविलेली असे; पेटी सडली तरी चौकट टिके. पद्मिनीस अशी वेगळी चौकट नाहीं; पत्र्याची पेटी हाच तिचा अस्थिपंजर. त्यामुळें दाराखालचा उंबरठा किंवा पायाखालचा पत्रा कुजला, म्हणजे तो केवळ रूपाचा दोष राहत नाहीं. गाडीचें बळच कमी होतें. खाडीची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हीं दोन्ही येथें गंजास पोषक आहेत. त्यांत पुराची भर. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यांत बुडालेल्या गाड्या बाहेरून पुसून कोरड्या झाल्या, तरी पोकळ भागांत शिरलेला चिखल आंतल्याआंत पत्रा खात राहतो. पुरांतून निघालेली गाडी लगेच सुरू करून पाहणें, ही आणखी एक घातक घाई होय. पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत तें असतांना इंजिन फिरविलें, तर कनेक्टिंग रॉड वांकतो आणि थोडक्यांत निभावणारें काम मोठें होऊन बसतें. प्लग काढून पाणी बाहेर घालविणें व तेल बदलणें हें आधीं झालें पाहिजे.

दुसरें दुखणें इंधनाचें. १०८९ घनसेंटिमीटरच्या ह्या इंजिनास पेट्रोल पुरविणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. मेच्या दुपारीं द्रुतगती मार्गावरील खोळंब्यांत तो तापला, कीं पेट्रोलाची वाफ होते, पंप ती ओढूं शकत नाहीं व गाडी बंद पडते. पंपावर ओलें फडकें टाकण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय शास्त्रास धरूनच होता. परंतु गाडी वरचेवर बंद पडत असेल, तर केवळ फडक्यावर विसंबूं नये. रेडिएटर तुंबला आहे कीं पॉइंट्स झिजले आहेत, तें पाहावें. अलीकडे यांत नवी अडचण आली आहे. पेट्रोलांत वीस टक्के एथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट २०२५ सालीं गांठलें गेलें. एथेनॉल हवेंतील ओलावा शोषतें आणि जुन्या पद्धतीचें रबर फुगवून ठिसूळ करतें. म्हणून पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा एथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणें, हा चैनीचा खर्च नव्हे. तापलेल्या इंजिनावर गळणारें पेट्रोल म्हणजे आगीस आमंत्रण.

तिसरें, ब्रेकचें. चारहि चाकांस ड्रम असल्यामुळें ते भिजले कीं पकड मंदावते. ब्रेकचें तेलहि ओलावा पितें; गाडी महिनोगणती उभी राहिली, तर चाकांतील लहान सिलिंडर गंजून अडकतात. पावसाळ्यांत हातब्रेक ओढून गाडी ठेवूं नये. चाकांस विटा लावाव्या, नाहींतर शू ड्रमला चिकटून बसतात.

खर्चाचे तीन वर्ग पडतात. पॉइंट्स, प्लग, पट्टा, नळ्या, ब्रेकचीं रबरें हा पहिला वर्ग. वस्तु स्वस्त, काम थोड्या वेळाचें. इंजिन उतरवून सिलिंडर बोअर करणें, मोठे पिस्टन घालणें, क्रँक घांसणें हा दुसरा. येथें लेथवाल्याची मजुरी भारी पडते. तिसरा पत्राकाम व रंगकामाचा, आणि तोच सर्वांत फसवा. रंग खरवडल्यावांचून गंज किती आहे तें समजत नाहीं, त्यामुळें आधीं सांगितलेला आंकडा सहसा टिकत नाहीं. हौसेच्या वेगवान मोटारींची गत याहून कठीण असते. गोव्यांत तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ ह्या दोन आसनी मोटारीचें अंग फायबरग्लासचें असल्यानें गंजत नाहीं. पण अशा गाड्या फार थोड्या निघाल्या, आणि काच किंवा दिवा फुटला तर तसाच दुसरा शोधण्यांत दिवस जातात. पद्मिनीचें तसें नाहीं. तिच्या लक्षावधि बहिणी होऊन गेल्या, म्हणून कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांत तिचे भाग अजून मिळूं शकतात.

सरकारी खर्चहि धरला पाहिजे. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची तपासणी करवून नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ च्या ऑगस्टांत वीस वर्षांवरील मोटारीस ती १०,००० करण्यांत आली. पन्नास वर्षे उलटलेल्या व मूळ रूपांत राखलेल्या गाडीस २०२१ च्या नियमान्वयें वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते: २०,००० रुपये, दहा वर्षांसाठीं. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली व दुरुस्ती यांसारख्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. रोजच्या बाजारहाटास ती चालत नाहीं.

तेव्हां क्रम असा असावा: गाडी प्रथम वर उचलून खालचा पत्रा पाहावा, मग ब्रेक व सुकाणूं, मग इंधनाच्या नळ्या, त्यानंतर इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटीं. पुष्कळ घरांत हा क्रम नेमका उलटा होतो. गाडी चकचकीत होऊन येते, सर्व मंडळी तींत बसतात, आणि पायाखालचा पत्रा कुजलेला तो कुजलेलाच राहतो. पत्रा शाबूत असेल, तर बाकीचीं दुखणीं हप्त्याहप्त्यानें बरीं करतां येतात. तो गेला असेल, तर वडिलांच्या आठवणीसाठीं स्टिअरिंगचें चाक घरीं ठेवून गाडीस निरोप देणें, हेंच मुलाबाळांच्या जिवाच्या दृष्टीनें हितावह.