२३ चालींत आरोनियन गारद! आनंदच्या ‘त्या’ डावातलं मेरान ओपनिंग नेमकं काय?

१५ जानेवारी २०१३. नेदरलँड्समधील टाटा स्टील स्पर्धा. तेव्हाचा जगज्जेता विश्वनाथन आनंदने लेव्हॉन आरोनियनला अवघ्या २३ चालींत हरवलं, तेही काळ्या मोहऱ्यांनी.

मेरान म्हणजे काय?

काळा आधी सी६ आणि ई६ वरच्या प्याद्यांनी डी५ ला आधार देतो. ही सेमी-स्लाव्ह रचना. मग डी५ चं प्यादं सी४ वरचं प्यादं मारतं आणि बी५ खेळून पांढऱ्याच्या उंटाला मागे हटवलं जातं. पुढे सी५ खेळलं की बी७ वरच्या उंटाची वाट मोकळी होते. इटलीतील मेरानो इथल्या १९२४ च्या स्पर्धेत अकिबा रुबिनस्टाइन यांनी हे ओपनिंग वापरलं, तेच नाव रूढ झालं.

डाव कुठे फिरला?

१३व्या चालीत आरोनियनच्या घोड्याने एच७ चं प्यादं खाल्लं. आनंदने तो घोडा लगेच मारला नाही. १५व्या चालीत उंट, १६व्या चालीत घोडा त्याने थेट प्याद्यांच्या तोंडी दिला. पुढे हत्तीही सोडला. बदल्यात दोन्ही उंट पांढऱ्या राजावर रोखले गेले. राजाला सुटकाच उरली नाही.

हे पटावर सुचलं का?

पूर्णपणे नाही. यातली मुख्य कल्पना आनंदने २०१२ मधील बोरिस गेल्फंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी तयार केली होती. तिथे वापरायची संधी मिळाली नाही. शिवाय दोन उंटांचा असाच हल्ला रुबिनस्टाइन यांनीच १९०७ मध्ये लॉड्झ इथे केला होता. म्हणजे ओपनिंगही त्यांचं, हल्ल्याचा नमुनाही त्यांचाच!

थोडक्यात, केलेला अभ्यास वाया जात नाही. फक्त त्याची वेळ यावी लागते.