विश्लेषण : पाळीव सापाला चिकनचे तुकडे का चालत नाहीत? उंदराच्या पोषणमूल्याचे गणित काय?

साप भक्ष्याचे तुकडे करत नाही, ते चावूनही खात नाही. केस, कातडी, आतडी, हाडे, सगळे एकाच घासात पोटात जाते. पण त्याच्या विष्ठेत हाडाचा तुकडा सहसा सापडत नाही. मग एवढी हाडे जातात कुठे? याचे एक उत्तर जुलै २०२५ मध्ये अजगरांवरील संशोधनातून पुढे आले. ज्या देशांत साप पाळणे हा कायदेशीर छंद आहे, तिथल्या पाळणाऱ्यांसाठी हे उत्तर कामाचे आहे. जंगलातला साप आपले भक्ष्य स्वतः शोधतो. पाळीव सापाच्या पोटात मात्र मालक फ्रीझरमधून जे काढेल तेवढेच जाते. त्यात काही कमी पडले तर ते भरून काढण्याची संधी सापाला मिळत नाही.

अजगरांवरील संशोधनात काय आढळले?

फ्रान्समधील माँपेलिए विद्यापीठाचे जाँ-एर्वे लिन्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मीज पायथन या अजगराच्या आतड्याच्या अस्तराचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. तिथे त्यांना एक वेगळ्याच प्रकारची पेशी दिसली. तिच्या टोकाशी छोटा कप्पा असतो आणि त्यात कॅल्शियम, फॉस्फरस व लोह यांचे कण तयार होतात. अख्खे भक्ष्य खाल्लेल्या अजगरांत हे कण आढळले. हाडे काढलेले भक्ष्य दिलेल्या अजगरांत ते आढळले नाहीत. बिनहाडाच्या भक्ष्यासोबत वेगळे कॅल्शियम दिल्यावर कण पुन्हा दिसू लागले.

याचा अर्थ असा, की सापाचे पोट हाडे पूर्ण विरघळवते, शरीर हवे तेवढे कॅल्शियम घेते आणि जास्तीचे या पेशींमार्फत बाहेर टाकत असावे. सापाची पचनसंस्था हाडांसकट भक्ष्य गृहीत धरूनच घडली आहे.

नुसते मांस दिले तर काय होते?

कोंबडीच्या छातीचे १०० ग्रॅम मांस घेतले, तर त्यात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम. म्हणजे प्रमाण एकास वीस. अख्ख्या उंदरात हेच प्रमाण साधारण पावणेदोनास एक, म्हणजे कॅल्शियमच्या बाजूने झुकलेले असते. हा फरक हाडांमुळे पडतो.

आहारात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असे दीर्घकाळ राहिले, तर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढून घेऊ लागते. हाडे मऊ पडतात, वाकतात, मोडतात. पाळीव सरडे आणि कासवांत हा आजार नेहमी दिसतो. सापांत तो क्वचित दिसतो, कारण बहुतेक सापांना अख्खे भक्ष्यच मिळते.

गोष्ट एकट्या हाडांचीही नाही. यकृतातून अ आणि ड जीवनसत्त्व मिळते, रक्तातून लोह, चरबीतून ऊर्जा आणि ई जीवनसत्त्व. मांसाच्या तुकड्यातून यातले बरेच काही वगळले जाते. म्हणून ‘माझा साप चिकन आवडीने खातो’ एवढ्याने भागत नाही.

पिंकी आणि मोठा उंदीर यांत फरक किती?

मराठीत आपण लहान-मोठ्या सगळ्यांनाच उंदीर म्हणतो. सापांच्या खाद्याच्या बाजारात मात्र दोन वेगळ्या जाती असतात. छोटा तो ‘माऊस’ आणि मोठा तो ‘रॅट’. त्यातही वयानुसार नावे आहेत. अंगावर केस न आलेले नवजात पिल्लू म्हणजे ‘पिंकी’, लव आलेले ‘फझी’, उड्या मारू लागलेले ‘हॉपर’ आणि त्यापुढे प्रौढ.

प्राणिसंग्रहालयांत खाद्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या पोषणमूल्यांचे एक संकलन अमेरिकेत एलेन डिरेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये केले. आजही या विषयात त्याचाच आधार घेतला जातो. त्यानुसार पिंकी माऊसच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणीच असते, तर प्रौढ माऊसमध्ये सुमारे ६७ टक्के. पाणी वगळून उरलेल्या कोरड्या वजनात पिंकीमध्ये कॅल्शियम सुमारे १.२ टक्के आणि प्रौढ माऊसमध्ये सुमारे ३ टक्के असते. नवजात पिल्लाची हाडे अजून कडक झालेली नसतात, हे त्याचे साधे कारण.

आता हिशेब करू. प्रत्येकी २ ग्रॅमच्या १० पिंकी म्हणजे २० ग्रॅम. पाणी वजा जाता उरले ४ ग्रॅम. त्यात कॅल्शियम ५० मिलिग्रॅमच्या आत. २० ग्रॅमचा एक प्रौढ माऊस घेतला, तर कोरडा भाग साडेसहा ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे २०० मिलिग्रॅम. तराजूवर वजन सारखेच, पण सापाला मिळणारे कॅल्शियम चौपट. अ जीवनसत्त्वातली तफावत तर याहून कितीतरी मोठी आहे, कारण ते यकृतात वयानुसार साठत जाते.

याचा अर्थ पिंकी वाईट, असा नाही. नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या कॉर्न स्नेकच्या तोंडात तेवढेच मावते आणि सुरुवातीचे काही महिने ते त्याला पुरते. चूक होते ती साप वाढल्यावरही एका मोठ्या उंदराऐवजी चार-पाच पिंकी देत राहण्यात. साप मोठा होईल तसे एकेक पायरी वर जाणे, हे त्यावरचे सोपे उत्तर आहे.

माऊस, रॅट की कोंबडीचे पिल्लू?

त्याच संकलनानुसार कोरड्या वजनात चरबीचे प्रमाण प्रौढ माऊसमध्ये सुमारे २४ टक्के, तर प्रौढ रॅटमध्ये सुमारे ३३ टक्के आहे. पिल्लावळीसाठी वापरून झालेले वयस्कर रॅट तर आणखी चरबीचे असतात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लात चरबी साधारण माऊसएवढी, पण कॅल्शियम कमी, सुमारे १.७ टक्के. म्हणून पिल्ले अधूनमधून ठीक, रोजचा आधार म्हणून उंदीर बरा, असा सल्ला दिला जातो.

निसर्गात मात्र एकच पदार्थ जन्मभर खाणारे साप फार थोडे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, पाळणाऱ्यांत सर्वाधिक लोकप्रिय असलेल्या सापांपैकी एक. नायजेरियातील अभ्यासात या जातीचे लहान, झाडांवर वावरणारे नर मुख्यतः पक्षी खाताना, तर मोठ्या माद्या मुख्यतः उंदीरवर्गीय प्राणी खाताना आढळल्या. घरात त्याला वर्षानुवर्षे रॅटच मिळतो. लावे, कोंबडीची पिल्ले, जर्बिल यांचा आलटूनपालटून वापर करण्याचा आग्रह त्यामुळेच धरला जातो.

मासे खाणाऱ्या गार्टर स्नेकची अडचण वेगळी. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेझ नावाचे विकर असते. ते थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. असेच मासे सतत मिळाले तर सापाचा तोल जातो, झटके येतात आणि तो दगावूही शकतो. पोट भरलेले असताना झालेले हे कुपोषण असते.

उंदराने काय खाल्ले, याचाही संबंध असतो?

असतो. उंदराच्या शरीरातील अ आणि ई जीवनसत्त्व बऱ्याच अंशी त्याच्या खुराकावर ठरते. पावाच्या तुकड्यांवर वाढवलेला उंदीर आणि संतुलित खाद्यावर वाढवलेला उंदीर दिसायला सारखे असले, तरी सापाच्या दृष्टीने ते दोन वेगळे पदार्थ आहेत. साठवणुकीचाही परिणाम होतो. फ्रीझरमध्येही चरबीचे ऑक्सिडीकरण हळूहळू सुरू असते आणि त्यात ई जीवनसत्त्व खर्ची पडते. त्यामुळे वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेल्या पाकिटाचे वजन तेवढेच असले, तरी पोषण तेवढे नसते.

यावर उपाय म्हणून उंदरावर जीवनसत्त्वांची भुकटी शिंपडणे मात्र धोक्याचे. प्रौढ माऊसच्या यकृतात अ जीवनसत्त्व आधीच भरपूर असते आणि अ व ड ही दोन्ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात. पशुवैद्याने सांगितल्याशिवाय भुकटीची गरज नसते.

खरा धोका कमतरतेचा की लठ्ठपणाचा?

अख्खे उंदीर खाणाऱ्या पाळीव सापांत आज जास्त दिसतो तो लठ्ठपणा. याचे मूळ सापाच्या शरीरक्रियेत आहे. दबा धरून बसणारे अजगर दोन जेवणांच्या मधल्या काळात आतड्यासह अनेक अवयवांचे काम जवळपास बंद ठेवतात. भक्ष्य गिळल्यावर ही यंत्रणा पुन्हा उभी राहते. स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार बर्मीज पायथनचा चयापचयाचा वेग मोठ्या जेवणानंतर ४० पटींहून अधिक वाढू शकतो. असे शरीर दर आठवड्याच्या भरपेट जेवणासाठी बनलेले नाही.

मात्र साप ‘पुरे’ म्हणत नाही. समोर आलेले भक्ष्य सोडायचे नाही, ही त्याची सवय. लवकर मोठा व्हावा, लवकर पिल्ले द्यावीत म्हणून काही पाळणारे मुद्दाम जास्त खायला घालतात. परिणामी यकृतात चरबी साठते, मादीला अंडी घालताना अडथळा येतो, आयुष्य घटते.

यासाठी वापरले जाणारे ढोबळ नियम असे : भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार जास्त नसावी. वाढत्या वयात भक्ष्याचे वजन सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. प्रौढ बॉल पायथनला मात्र ५ टक्क्यांच्या आसपास, तेही दोन ते चार आठवड्यांतून एकदा. म्हणजे दीड किलोच्या सापाला ७५ ग्रॅमचा एक रॅट पुरतो. बॉल पायथन काही महिने खाणे सोडतो तेव्हाही घाबरून जाण्याचे कारण नसते. वजन टिकून आहे का, हे काट्यावर पाहणे जास्त महत्त्वाचे. वजन झपाट्याने घटत असेल, तर पशुवैद्याकडे जावे.

जिवंत उंदीर द्यावा की गोठवलेला?

पोषणाच्या दृष्टीने, नीट साठवलेला असल्यास, मोठा फरक नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र आहे. भूक नसलेल्या सापासमोर पेटीत रात्रभर राहिलेला जिवंत रॅट सापाला कुरतडतो, डोळा फोडतो, कधी पाठीचा कणाही उघडा पाडतो. उंदरासाठीही तो पळायला जागा नसलेला लांबलेला मृत्यू असतो. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत उंदरांना पेटीत हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडून मारणे काही अटींसह मान्य आहे. नवजात पिल्लांवर हा वायू सावकाश परिणाम करतो, त्यामुळे त्यांना जास्त वेळ ठेवावे लागते. म्हणजे पिंकीच्या बाबतीतच घाई होण्याची भीती जास्त.

गोठवल्याने साल्मोनेला जिवाणू मरत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. सापांसाठीच्या गोठवलेल्या उंदरांमुळे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये माणसांना, त्यातही लहान मुलांना, साल्मोनेलाचा संसर्ग झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे उंदीर घरच्या अन्नापासून वेगळे ठेवणे, मायक्रोवेव्हमध्ये न वितळवणे, एकदा वितळलेला पुन्हा न गोठवणे आणि हात साबणाने धुणे, हे नियम सापापेक्षाही घरच्यांसाठी आहेत.

भारतात साप पाळता येतो का?

भारतात आढळणारा कोणताही साप घरी पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. तस्करी मात्र सुरूच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. चोरट्या मार्गाने साप घेणाऱ्याला त्याच्या खाण्याविषयी खात्रीशीर सल्ला मिळत नाही आणि पशुवैद्याकडे जाण्याचीही भीती वाटते. त्याची किंमत साप मोजतो.

आहाराबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत जुना गैरसमज मात्र नागपंचमीच्या दुधाचा आहे. दूध हे सापाचे अन्न नाही आणि ते पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला अनेक दिवस तहानलेला ठेवलेले असते. घरात किंवा अंगणात साप आला, तर त्याला दूध, अंडे किंवा चिकन देऊ नये. निरोगी साप काही आठवडे अन्नाशिवाय सहज राहतो. त्याच्यापासून दूर राहून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवणे, एवढेच पुरेसे आहे.