व्हॉल्व्हचा गोडवा येतो कुठून?

‘गाणं ऐकायचं तर व्हॉल्व्हवरच. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा, त्यात जीव नसतो.’ घरी चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा विचार नुसता बोलून दाखवा, हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. मग नवी नवी आवड लागलेला माणूस आठ वॉटच्या सुंदर व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) यंत्रावर लाखभर रुपये घालतो आणि घरचा स्पीकर त्याला पेलत नाही. याची मला खरोखर चीड येते.

या समजाला मुळात आधार होता. १९६०च्या दशकातले बरेच ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर कर्कशच वाजत. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळायचा, खालचा दुसरा, आणि त्यांच्या सांध्यावर लहर बिघडायची. हळू आवाजात तर जास्तच जाणवायचं. हा दोष केव्हाच दूर झाला. १९७८ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जेम्स मॉयर यांची चाचणी छापून आली. त्यात क्वाड या एकाच ब्रिटिश कंपनीचे तीन अ‍ॅम्प्लिफायर होते: व्हॉल्व्हचा क्वाड टू, ट्रान्झिस्टरचे ३०३ आणि ४०५. कुठला वाजतोय हे न सांगता ऐकवल्यावर श्रोत्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. १९८५मध्ये अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायर-डिझायनर बॉब कार्व्हर यांनी तर आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्हच्या यंत्रासारखा वाजेल असा जुळवून दाखवला. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या समीक्षकांनाही फरक सांगता आला नाही.

तरीही काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर वेगळे वाजतात, हे खरं आहे. त्याची कारणं मोजता येतात. ‘८ ओहम’ लिहिलेला स्पीकर प्रत्यक्षात काही स्वरांना ४ ओहमपर्यंत उतरतो, काहींना २०पर्यंत चढतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध नगण्य असतो, त्यामुळे या चढउतारांनी त्याला काही होत नाही. व्हॉल्व्हवाल्याचा रोध २ ओहम धरला, तर त्याच चढउतारांमुळे काही स्वर पावणेतीन डेसिबलपर्यंत वर येतात. म्हणजे टोन कंट्रोल फिरवल्यासारखंच झालं, फक्त तो कुठे आणि किती फिरणार हे तुमचा स्पीकर ठरवतो. एका घरी मधाळ वाटलेलं यंत्र दुसऱ्या घरी गढूळ वाजतं ते यामुळे. शिवाय साध्या, एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या रचनेत मूळ स्वरात वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळतो. कानाला तो खटकत नाही, आवडतोसुद्धा. आवडला तर जरूर घ्या, पण त्याला ‘मूळ गाण्याशी प्रामाणिक’ म्हणू नका.

दुकानात तुलना करताना हमखास फसगत होते, कारण एक डेसिबलनं मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. मल्टिमीटर सोबत न्या. ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही यंत्रांचे आकडे सारखे येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवा. मग दुसऱ्याला अदलाबदल करायला सांगून, न बघता ऐका. दुकानदार याला तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.

बाकीचे समज थोडक्यात.

व्हॉल्व्हचा एक वॉट ट्रान्झिस्टरच्या तीन वॉटांइतका? वॉट म्हणजे वॉट. व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे गेल्यावर त्याचा आवाज हळूहळू बिघडतो, म्हणून तो थोडा जास्त ताणता येतो, इतकंच.

स्वस्त यंत्रावर लुकलुकणारे व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्हचाच आवाज? पुष्कळदा खाली नारिंगी एलईडी असतो आणि स्पीकर चालवणारी चिप वेगळीच.

व्हॉल्व्ह जन्मभर टिकतात? पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तास चालतात, पुढे जोडी बदलावी लागते. तो खर्च आधीच धरा.

प्लग काढला की आत हात घालायला हरकत नाही? अजिबात घालू नका. कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टपर्यंत दाब नंतरही साठून राहू शकतो आणि तो जीवघेणा असतो.