पाटीवरचा आर्किटेक्ट आणि कायद्यातला आर्किटेक्ट

बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, की घरचे लोक नावामागे ‘आर्किटेक्ट’ लावून मोकळे होतात. कायद्याला तेवढं पुरत नाही. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ नुसार आर्किटेक्ट म्हणजे ज्याचं नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत आहे तो. पदवी ही त्या नोंदवहीत शिरण्याची पात्रता आहे, प्रवेश नव्हे. नूतनीकरणाचं शुल्क थकलं तर नाव त्या वहीतून निघतं, आणि मग वीस वर्षांची प्रॅक्टिस असली तरी ते परत चढेपर्यंत आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. शुल्क भरून नाव परत चढवता येतं, पण मधल्या काळात केलेल्या सह्यांचं काय, हा प्रश्न नेमका एखादा वाद उभा राहिला की विचारला जातो.

याच्या उलट बाजूचा गैरसमज जास्त खोलवर रुजलेला आहे: इमारतीचं डिझाइन फक्त नोंदणीकृत आर्किटेक्टच करू शकतो. व्यवसायातल्या अनेकांची ही समजूत होती, किंबहुना कौन्सिलचाही आग्रह तोच होता. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल’ या खटल्यात त्यावर पडदा टाकला. नोएडा प्राधिकरणातल्या ‘असोसिएट आर्किटेक्ट’ या पदावरच्या बढतीचा तो वाद होता. न्यायालयाने म्हटलं, की कलम ३७ उपाधीला संरक्षण देतं, कामाला नाही. नोंदणी नसलेल्या माणसाने आराखडे काढण्यावर हे कलम बंदी घालत नाही. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वापरण्यावर घालतं. म्हणून नोंदणी नसलेल्या व्यक्तीला त्या नावाच्या पदावर बसवता येणार नाही. प्राधिकरणाला हवं तर पदाचं नाव बदलावं.

हा निकाल व्यवसायाला लागला, आणि का लागला तेही समजण्यासारखं आहे. डॉक्टर किंवा वकील यांच्या कायद्यांत कामच राखीव आहे. इथे राखीव आहे ती पाटी. परवानगीच्या नकाशावर कोणाची सही चालेल हे वेगळं: ते त्या त्या ठिकाणची विकास नियंत्रण नियमावली ठरवते, आणि परवानाधारक अभियंता किंवा पर्यवेक्षक यांनाही ठरावीक मर्यादेत ती जागा असते. तालुक्याच्या गावात सिव्हिल इंजिनिअर घरांचे नकाशे मंजूर करून घेतो म्हणजे तो कायदा मोडतो, असं नाही. त्याने दारावर ‘आर्किटेक्ट अँड इंजिनिअर’ लिहिलं, की मोडतो. तसंच फर्मचंही. ज्या भागीदारीतले सगळे भागीदार नोंदणीकृत आहेत, तिलाच आर्किटेक्ट्सची फर्म म्हणवून घेता येतं. इंटिरिअर करणाऱ्या मेहुण्याला भागीदार करून घ्यायचं असेल तर नाव बदलावं लागेल. कायद्याने दिलेली एक सूट मात्र गमतीची आहे: जहाजांचे आराखडे काढणारा नेव्हल आर्किटेक्ट नोंदणीशिवाय ते नाव लावू शकतो. लँडस्केप आर्किटेक्टलाही तीच सूट आहे.

पाटीचा विषय निघालाच आहे, तर १९८९ च्या व्यावसायिक आचारसंहितेकडे वळायला हवं. आर्किटेक्टने जाहिरात करायची नाही हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. अपवाद किती बारकाईने लिहिलेत हे फार थोड्यांनी वाचलेलं असतं. चालू किंवा पूर्ण झालेल्या आपल्या इमारतीवर नाव लावता येतं, पण अक्षरं दहा सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. मासिकात कामाचे फोटो छापून येऊ शकतात, त्यासाठी पैसे देता-घेता येत नाहीत. ही संहिता लिहिली गेली तेव्हा रील नावाची गोष्ट नव्हती. पैसे मोजून फॉलोअर वाढवणाऱ्या आजच्या कार्यालयांनी ती एकदा शांतपणे वाचावी, असं मला वाटतं.

याच संहितेत असलेला आणि रोज मोडला जाणारा नियम म्हणजे फुकटच्या स्केचेसचा. पुनर्विकासाला निघालेली सोसायटी चार आर्किटेक्ट्सना बोलावते, प्रत्येकाकडून फीझिबिलिटी आणि दोन-तीन पर्याय मागते, आणि ‘ज्याचं आवडेल त्याला काम’ असं सांगते. सोसायटीला वाटतं, हा तिचा हक्क. तरुण आर्किटेक्टला वाटतं, धंद्यात हे चालतंच. संहिता म्हणते: निवडीसाठी ग्राहकाने हवे तितके आर्किटेक्ट भेटावेत, सल्ला घ्यावा, पण प्रत्येकाचं शुल्क द्यावं. रीतसर स्पर्धा सोडली तर दुसऱ्या आर्किटेक्टशी चढाओढ करत फुकट किंवा कमी पैशांत डिझाइन करून देणं हे गैरवर्तन आहे. बंधन आर्किटेक्टवर आहे, सोसायटीवर नाही, हीच या नियमाची पंचाईत. पदाधिकाऱ्यांचं काही वाकडं होत नाही. स्केच देणाऱ्याची तक्रार होऊ शकते, आणि कौन्सिलला समज देण्यापासून नोंदवहीतून नाव काढण्यापर्यंतचे अधिकार आहेत.

मग येतो ‘एनओसी’चा प्रश्न. आधीच्या आर्किटेक्टची ना-हरकत मिळाल्याशिवाय नवा आर्किटेक्ट नेमताच येत नाही, असं मालक, बिल्डर आणि खुद्द आर्किटेक्टही धरून चालतात. संहितेत ना-हरकतीची अट नाही. अटी दोन आहेत: आधीची नेमणूक संपल्याचा पुरावा नव्या आर्किटेक्टकडे हवा, आणि आपण काम घेत असल्याची लेखी सूचना त्याने आधीच्याला द्यायला हवी. म्हणजे थकलेल्या फीसाठी प्रकल्प अडवून धरण्याचा नकाराधिकार जुन्या आर्किटेक्टला इथून मिळत नाही. फी वसूल करायची ती करारावर, गरज पडली तर दिवाणी न्यायालयात किंवा लवादासमोर. आणि करारच नसेल, ‘ओळखीतलं काम होतं’ असं असेल, तर हातात उरतात ते फक्त व्हॉट्सॲपवरचे संदेश. नेमणुकीच्या अटी आणि शुल्क आधीच ग्राहकाला कळवून ठरवून घ्या, हेसुद्धा त्याच संहितेत लिहिलंय.

नकाशांवरच्या मालकीबद्दल दोन्ही बाजूंना चुकीचं वाटत असतं. ‘मी पैसे दिले, ड्रॉइंग माझी,’ असं मालक म्हणतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचं किंवा व्यक्तिचित्राचं तसं आहे, वास्तुरचनेचं नाही. वेगळा लेखी करार नसेल तर हक्क रचनाकाराचा. तो दुसऱ्याच्या कार्यालयात नोकरीला असेल, तर मात्र त्याच्या कार्यालयाचा, हे नोकरी सोडून पोर्टफोलिओ बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पण या हक्काची धार आर्किटेक्टला वाटते तेवढी तीक्ष्ण नाही. संरक्षण मिळतं ते कलात्मक स्वरूपाला आणि रचनेला, बांधकामाच्या पद्धतीला नाही. आणि तुमच्या डिझाइनची नक्कल करून कोणी बांधकाम सुरू केलं, तर कलम ५९ नुसार ते थांबवण्याचा किंवा पाडण्याचा आदेश मिळत नाही; उरते ती मुख्यतः भरपाई. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं, १९७२ मध्ये उभं राहिलेलं हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडलं गेलं. त्याचे रचनाकार राज रेवाल न्यायालयात गेले. आपल्या कलाकृतीचा नाश हा रचनाकाराच्या नैतिक हक्काचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते मानलं नाही: जागेच्या मालकाला आपली इमारत पाडण्यापासून रचनाकार रोखू शकत नाही. निकाल कायद्याला धरून असेल. ती इमारत गेली याचं दुःख त्याने कमी होत नाही.

आता महाराष्ट्रापुरतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जाईल, अशी तरतूद आहे. ती ऐकून मालक साठाव्या दिवशी जेसीबी बोलावतो. मानीव परवानगी टिकते ती आराखडा विकास नियंत्रण नियमांत आणि विकास योजनेत तंतोतंत बसत असेल तरच. एका बाजूचं सामासिक अंतर कमी पडलं तरी ते बांधकाम अनधिकृत ठरतं. शिवाय प्राधिकरणाने मध्येच त्रुटी कळवल्या असतील, तर साठ दिवस मोजायचे ते तुमचं उत्तर पोहोचल्यापासून. आणि मिळालेली परवानगी कायमची नसते: मुदत एक वर्षाची, दरवर्षी वाढवून घेता येते, पण ही वाढीव मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही.

नॅशनल बिल्डिंग कोड हा आपोआप लागू होणारा कायदा आहे, हाही एक नेहमीचा समज. २०१६ चा कोड हे भारतीय मानक ब्युरोचं शिफारसवजा मानक आहे. युडीसीपीआरसारखी (राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) लागू नियमावली जिथे त्याचा आधार घेते, तिथे तो बंधनकारक होतो.

रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याबद्दल आर्किटेक्ट निर्धास्त असतात: तो बिल्डरचा कायदा, आपला काय संबंध? बांधकामातल्या दोषाची पाच वर्षांची जबाबदारी प्रवर्तकावर आहे हे खरं. पण ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के ज्या वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, त्यातून रक्कम काढायला अभियंता, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं लागतात. महारेराचा नमुना १ आर्किटेक्टचा: खोदाई, जोतं, स्लॅब, भिंती, एकेका कामाची टक्केवारी भरून सही करायची. फोनवर आलेले फोटो पाहून ही टक्केवारी भरणारे कमी नाहीत. ते प्रमाणपत्र जागेवर प्रत्यक्ष पाहणी करून दिलं आहे, हे त्या नमुन्याच्या मजकुरातच छापलेलं असतं.