क्लब कार डीएस : सीट उचलल्यावर

जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा हे शहर गोल्फच्या चाहत्यांना मास्टर्स स्पर्धेमुळे माहीत असतं. जुन्या गोल्फ कार्ट दुरुस्त करणाऱ्यांना ते वेगळ्याच कारणाने जवळचं वाटतं. १९५४ साली डोलन बंधूंनी ई-झेड-गो ही कंपनी याच परिसरात काढली आणि १९६० साली टेक्स्ट्रॉनने ती घेतली. टेक्ससमध्ये जन्मलेली क्लब कार साठच्या दशकाच्या सुरुवातीला ऑगस्टात येऊन स्थिरावली. पुढे १९७८ साली ई-झेड-गोमधून बाहेर पडलेल्या मंडळींनीच ती विकत घेतली. या धंद्यातले दोन मोठे प्रतिस्पर्धी असे एकाच गावचे, काही अंशी एकाच घरचे.

क्लब कारची डीएस ही गाडी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि २००४ साली प्रेसिडेंट (Precedent) हे नवं मॉडेल येईपर्यंत कंपनीचा मुख्य भार तिनेच वाहिला. आपल्याकडे मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटावर ज्येष्ठांना नेणारी बॅटरी गाडी असते, त्याच जातीची, पण दोन माणसांची. गोल्फ क्लब अशा गाड्या चार-पाच वर्षांच्या भाडेकरारावर घेतात आणि करार संपला की सगळा ताफा बदलतात. उतरलेल्या गाड्या मग शेतांवर, कँपग्राउंडांवर आणि घराघरांत जातात. अटलांटाच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचं गाव आहे. तिथे गोल्फ कार्टसाठी सुमारे १६० किलोमीटरच्या स्वतंत्र वाटा आहेत. लोक किराणा आणायला, मुलांना खेळायला सोडायला कार्ट काढतात. पंचवीस-तीस वर्षांची डीएस तिथे रोजच्या कामाला जुंपलेली दिसते.

ती इतकी टिकते याचं पहिलं कारण तिचा सांगाडा. तो ॲल्युमिनियमचा आहे. चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून ॲसिडचे बारीक तुषार उडतात आणि वर्षानुवर्षं खाली झिरपतात. पोलादी सांगाड्याच्या गाड्यांना बॅटरीच्या ट्रेखालीच गंज धरतो, आणि वरून रंग कितीही चांगला मारला तरी आतलं लोखंड पापुद्र्यांनी सुटत राहतं. डीएसमध्येही पोलादाचे भाग गंजतात, पण कणा शाबूत राहतो. म्हणून जुनी कार्ट घ्यायची झाली तर मी रंग, सीट, टायर यांच्याकडे नंतर पाहीन. आधी सीट उचलून टॉर्च खाली मारीन.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची एक ४८ व्होल्टची डीएस अशीच सीट उचलून मला नीट पाहता आली. आत आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या होत्या आणि टर्मिनलवर निळसर-पांढरा थर चढलेला होता. मालक निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्याने हातातली अंगठी काढून खिशात टाकली, मुख्य निगेटिव्ह केबल सोडली, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने तो थर धुतला आणि मग मल्टीमीटर लावला. चार बॅटऱ्या साडेआठ व्होल्टच्या जवळ, दोन मात्र आठच्याही खाली. कारण तिथेच दिसत होतं. आधीच्या कुणीतरी पुढच्या दिव्यांसाठी त्या दोनच बॅटऱ्यांवरून वीज घेतली होती. त्या जास्त उतरायच्या, पण चार्जर सहाही बॅटऱ्यांना सारखाच प्रवाह द्यायचा. त्यामुळे या दोघी कायम अर्धपोटी आणि उरलेल्या चौघी अतिचार्ज. ही चूक शेकडो गाड्यांत सापडते. दिव्यांसाठी संपूर्ण संचावरून वीज घेऊन ती बारा व्होल्टवर आणणारा कन्व्हर्टर लावणं हाच त्यावरचा इलाज.

पूर्ण चार्ज होऊन विसावलेला ४८ व्होल्टचा लेड-ॲसिड संच सुमारे ५०.९ व्होल्ट दाखवतो. पण नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नये, हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधलं ॲसिड पाहावं. अशा संचात चोवीस सेल असतात. चार्ज झालेल्या सेलमध्ये ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व १.२७७ च्या आसपास भरतं. एक सेल मागे पडला तर चढावर गाडी तिथेच दम टाकते आणि लोक मोटरला दोष देतात.

मोटर बिचारी सहसा ठणठणीत असते. ती थेट मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, सुमारे बारास एक असं एकच गुणोत्तर. पॅडल दाबलं की सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचचा, ‘टक’ असा आवाज येतो आणि बॅटरीचा प्रवाह कंट्रोलरकडे जातो. ३६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांत वेग आवरण्यासाठी जाड तारांची रेझिस्टर कॉइल असायची. हळू जायचं म्हटलं की उरलेली वीज उष्णता होऊन वाया जायची. नंतर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. ते सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करून मोटरला हवा तेवढाच घास देतात. हा साधेपणा मला फार मोलाचा वाटतो. आवाज आला आणि गाडी हलली नाही, तर पुढे कुठे शोधायचं हे ठरलेलं असतं: सोलेनॉइडचे संपर्क, मग कंट्रोलर, मग फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचचे जळलेले तांब्याचे भाग, मग मोटरचे ब्रश. सामान्य माणूस एका दुपारी हा सगळा रस्ता मीटर घेऊन चालून जाऊ शकतो. आजच्या किती गाड्यांबद्दल असं म्हणता येईल?

केबल हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. गाडी चढावर दोनशे ॲम्पियर सहज ओढते. केबलच्या टोकाच्या एखाद्या ढिल्या लगमध्ये फक्त एक मिलीओहम रोध असला तरी तिथे चाळीस वॅटची उष्णता तयार होते. पाच मिलीओहम झाला की दोनशे वॅट, आणि शिशाचं टर्मिनल वितळायला लागतं. त्या डीएसमध्ये एका टर्मिनलचा कोपरा खरोखरच मेणबत्तीसारखा ओघळलेला होता. मूळच्या केबल साधारण १३ चौरस मिलिमीटरच्या. त्या काढून ३३ चौरस मिलिमीटरच्या घातल्या आणि लग नीट दाबून बसवले, तर तारांतली गळती निम्म्याहून कमी होते. नव्या कंट्रोलरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच चढावर कळतो.

ब्रेकचं काम मात्र पैशांचा हिशेब न करता करावं. डीएसला फक्त मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात, तेही केबलने ओढले जाणारे. केबल आत गंजते, लायनर चकाकतो, पॅडल खाली जातं तरी चाक धरत नाही. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी १९ किलोमीटरची गाडी ३२ वर नेली तर ते अंतर जवळजवळ पावणेतीनपट होतं. ब्रेक शू, केबल आणि पुढच्या चाकांचे बुश नवे करण्याआधी वेगवान कंट्रोलर बसवणं मला पटत नाही, आणि त्या गाडीत मुलं बसणार असतील तर मुळीच नाही.

यानंतर बॅटरी. आता बहुतेक जण लिथियम आयर्न फॉस्फेटकडे वळतात. योगायोग असा की ही गाडी नव्वदच्या दशकातली आणि हे रसायनही त्याच दशकातलं. टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ, अक्षय पाढी आणि नंजुंदस्वामी यांनी १९९७ साली ते मांडलं. गुडइनफना पुढे २०१९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. सोळा सेलचा ५१.२ व्होल्ट, १०५ ॲम्पियर-अवरचा संच सुमारे पन्नास किलोत बसतो. त्याच्या आधी त्या जागी जवळजवळ १७० किलोच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. मागचं ओझं उतरल्यामुळे पाट्यांच्या स्प्रिंगा वर येतात आणि गाडी थोडी कडक चालते, हे अनेकांना बसवल्यावरच समजतं.

बदल नुसता डबा बदलण्याचा नाही. जुना चार्जर लेड-ॲसिडसाठी बनलेला असतो, तो या संचाला लावायचा नाही. १९९५ नंतरच्या ४८ व्होल्ट डीएसमध्ये चार्जिंगवर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणक असतो, त्याला बाजूला करावं लागतं. (लेड-ॲसिड गाडीतही हा संगणक वयोमानाने गेला की चार्जर सुरूच होत नाही आणि चांगली गाडी भंगारात निघते.) लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे डॅशवरचा जुना मीटर चक्क खोटं सांगतो. आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा मीटर लागतो. सोलेनॉइडच्या मोठ्या टर्मिनलवर सुमारे अडीचशे ओहमचा रेझिस्टरही हवा. तो कंट्रोलरचे कपॅसिटर आधीच हळूहळू भरून ठेवतो. तो नसेल तर प्रवाहाचा पहिला लोंढा पाहून बॅटरीचं संरक्षक सर्किट शॉर्ट झाल्याचं समजतं आणि गाडी बंद पाडतं. आणखी एक: शून्य अंशाखाली हे सेल चार्ज करायचे नाहीत, आत धातूचा लिथियम साचतो. जॉर्जियातल्या जानेवारीच्या काही रात्रींना ही अट लागू पडते.

उंच टायर आणि लिफ्ट किटचा मोह सगळ्यांना होतो. मूळ १८ इंचांच्या टायरऐवजी २२ इंचांचे लावले की वेग बावीस टक्क्यांनी वाढतो, पण चढावरची ओढ सुमारे अठरा टक्क्यांनी घटते आणि मोटर जास्त तापते. कायद्याचीही रेघ आहे. अमेरिकेत ताशी २० मैलांहून जास्त आणि २५ पर्यंत धावणारी गाडी १९९८ च्या संघीय नियमानुसार कमी वेगाचं वाहन ठरते. मग हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, आरसे, समोरची काच, पार्किंग ब्रेक आणि सीटबेल्ट हे सगळं लागतं.

त्या इलेक्ट्रिशियनने वेग २० मैलांच्या आतच ठेवला. जुन्या सहा बॅटऱ्या त्याने दुकानात परत दिल्या. तिथे शिशाचे पैसे वजा होतात आणि शिसं पुन्हा वितळवून नव्या बॅटऱ्यांत जातं. पहिल्या आठवड्याच्या फेऱ्यांनंतर त्याने प्रत्येक लगचा नट पान्याने पुन्हा तपासला. दोन नट पाव आटा फिरले.