मज्जातंतूचे दुसरे काम

क्रायोस्टॅटमध्ये उणे 20 अंश सेल्सिअसला पाते सरकते आणि गोठलेल्या ठोकळ्यातून 12 मायक्रॉन जाडीचा काप निघतो. तो लगेच गुंडाळायला लागतो. बारीक कुंचल्याने कड धरून ठेवायची आणि वरून काचपट्टी अलगद टेकवायची. काच कोमट असल्याने काप तिला आपसूक चिकटतो.

हा काप उंदराच्या मणक्याशेजारच्या मोहरीएवढ्या गाठीचा. त्वचेतून वेदना, उष्णता, स्पर्श यांची खबर आणणाऱ्या तंतूंच्या मूळ पेशी अशा गाठींमध्ये असतात. या कामासाठी एका प्राण्याचा जीव गेलेला असतो, म्हणून एकही काप वाया घालवायचा नाही.

सीजीआरपी हे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मज्जापेशींचा एक छोटा संदेशवाहक रेणू, ओळखणारी अँटिबॉडी कापावर घालून काचपट्टी रात्रभर 4 अंशांवर ठेवायची. सकाळी ती धुऊन हिरवी चमकणारी दुसरी अँटिबॉडी घालायची. ती पहिलीला जाऊन चिकटते. एका काचपट्टीवर पहिली अँटिबॉडी मुद्दाम घालत नाहीत. तीही तशीच चमकली, तर त्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या पेशी बहुतेक काळ्याच राहतात. त्यांच्या अधेमधे लहान आणि मध्यम पेशी उजळतात: केंद्रक अंधारे, भोवती कणीदार हिरवा प्रकाश. इथे तयार झालेले पेप्टाइड पुटिकांत भरून मज्जारज्जूकडे जाते, तसेच त्वचेकडेही.

खबर आत न्यायची, तर त्वचेकडे माल कशाला? मला या कामाची खरी ओढ लागली ती या प्रश्नामुळे. बोथट टोकाने हातावर जोरात ओरखडा काढला की आधी लाल रेघ उमटते, मग भोवती लाली पसरते, शेवटी सूज येते. टॉमस लुईस यांनी 1920च्या दशकात हे बारकाईने तपासले. त्या जागेचा संवेदी तंतू कापून तो झिजून गेला, की पसरणारी लाली येत नाही. एरवी तंतूच्या एका फांदीतून निघालेला संदेश दुसऱ्या फांदीतून त्वचेकडेच वळतो आणि तिथे पेप्टाइडे सुटतात. सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंदावते. सबस्टन्स पी, जे फॉन ऑयलर आणि गॅडम यांना 1931 मध्ये घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडले, त्या वाहिन्या पाझरत्या करते. खबर देणारा तंतू जागेवर उपायही सुरू करतो.

अर्धशिशीतही सीजीआरपीचा मोठा वाटा आहे. 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एरेनुमॅब हे औषध त्याच्या ग्राहीला अडवते. असे औषध घडवण्याआधी कोणते पेप्टाइड कोणत्या तंतूत आहे, हे ठाऊक असावे लागते. ते कळते अशाच न गुंडाळलेल्या, नीट धुतलेल्या कापांवरून.